घ्या ना

"नको, नको. झालं माझं. आता निघायलाच हवं."

"घ्या ना."

"अहो, पुष्कळ झालं. घरी वाट बघत असतील."

"घ्या ना."

"तुम्ही म्हणजे ऐकायचेच नाहीत. बरं, अर्धाच. तुमचा शब्द मोडवत नाही म्हणून."

आणि पाहुणे जेवायला लागले. ते जेवायला लागले तसा समोरच्यानेही आपल्या ताटात हात घातला. तोवर दोघांचीही ताटं भरलेलीच होती. कुणाचंच काही झालेलं नव्हतं.

वाढणारी मावशी रिकामं पातेलं कमरेवर टेकवून उभी होती. ती सिस्टरला म्हणाली, "हे दोघं कुणाच्या लग्नाला गेले तर नवरा-नवरी उपाशी झोपतील. यांचं नको नको संपायचंच नाही."

"तुझं पातेलं घासून होईल तोवर संपतं. जा तू," सिस्टर म्हणाली. पण ती स्वतः तिथून हलली नाही. पहिला घास तोंडात गेलेला बघितल्याशिवाय ती त्या टेबलापासून कधीच हलत नसे.

मनाच्या आजारांचं हे रुग्णालय जुनं होतं, आणि त्याच्या मागच्या अंगाला असलेला हा वॉर्ड तर बरे होऊन घरी जाण्याची आशा उरलेली नाही अशांचा. पाहुणे तिथे सिस्टरच्या आधीपासून होते. त्यांचं घर अजून आहे की नाही, हे कुणाला माहीत नव्हतं. पण रोज सकाळी ते भांग पाडत, सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावत आणि भेटेल त्याला सांगत, "उगाच तुम्हाला त्रास. आज निघतो." मग दिवसभर निघायच्या बेतात असत. वागणं अगदी शालीन. खुर्चीच्या कडेवर बसत, आपलं पांघरूण आपण घडी करत. आणि जेवायला बसले की हात मांडीवर ठेवून थांबत, कारण पाहुण्याने आपणहून सुरुवात करायची नसते.

समोरच्याचं खरं नाव कागदांत होतं. पण त्याला आंघोळ दुसऱ्याने घालावी लागे, कपडे दुसऱ्याने चढवावे लागत, आणि दिवसभर तो खिडकीशेजारच्या भिंतीकडे बघत बसे. बोलणं नाही, हसणं नाही. फक्त जेवणाच्या वेळी आपल्या पावाचा एक तुकडा मोडून तो पाहुण्यांच्या ताटात ठेवी आणि म्हणे, "घ्या ना." त्याच्या तोंडून या दोन शब्दांपलीकडे कुणी काही ऐकलं नव्हतं. त्यामुळे त्याचं नावच घ्याना पडलं. "घ्यानाला औषध दिलं का?" असं एका दमात विचारलं जाई. नव्या माणसांना ते आडनाव वाटे.

पाहुणे जेवल्याशिवाय घ्याना जेवत नसे आणि घ्यानाने म्हटल्याशिवाय पाहुणे जेवत नसत. हे कधी सुरू झालं, कुणी जुळवलं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. ते चालू होतं, एवढंच.

*

रुग्णालयाचे मुख्य म्हणून आलेले डॉक्टर सिस्टरपेक्षा वयाने बरेच लहान होते. आल्या आल्या त्यांनी सगळे वॉर्ड पायी फिरून बघितले. त्याआधी थोडेच दिवस एक गोष्ट घडली होती. 'शांत रुग्ण' अशी पाटी असलेल्या वॉर्डात एक म्हातारा तापात गेला. त्याच्या उशाशी पाणी नव्हतं, माठ दाराजवळ होता. त्याचे पाय जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण तो दाखल झाला त्या दिवशी 'चालतो-फिरतो' असं लिहिलं गेलं होतं आणि चालत्या-फिरत्या माणसाच्या उशाशी पाणी ठेवायची तिथे पद्धत नव्हती.

"याला कुणी मारलं, सांगू?" डॉक्टर सगळ्या नर्सना समोर बसवून म्हणाले. "चुकीच्या खणात ठेवला म्हणून मेला तो. आपली माणसं आपण त्यांच्या आजाराच्या नावाने लावून ठेवली आहेत. ते नावही कुणीतरी केव्हातरी दिलेलं. आजाराच्या नावावरून पाणी कुठे ठेवायचं ते कळत नाही. आपल्याला नवं वर्गीकरण करावं लागेल. कुणाला काय येतं आणि कुणाला किती मदत लागते, यावरून."

त्यांना शिकवायची हौस होती आणि ते शिकवतही छान. फळ्यावर त्यांनी एक मोठा मासा काढला.

"हा कोण?"

"देवमासा," धाकटी सिस्टर म्हणाली. ती नुकतीच नोकरीला लागली होती आणि उत्तरं द्यायला उत्सुक असे.

"मासा आहे का?"

"नावातच आहे की."

"नावात आहे, पण मासा नाही. याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. हा पिल्लाला दूध पाजतो. माणसांनी त्याला कितीतरी काळ माशांत धरलं, कारण राहतो माशांत आणि दिसतो माशासारखा. तसंच वटवाघूळ. उडतं म्हणून पक्ष्यांत घातलं, पण त्याला पिसं कुठे आहेत? झाडांचंही असंच, दगडांचंही आणि आजारांचंही. आधी दिसण्यावरून लावायचं, मग चूक कळली की आतून बघून पुन्हा लावायचं. चांगलं वर्गीकरण हाडं बघतं, शेजार बघत नाही."

सिस्टरला हे फार आवडलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिला कुणी 'का' ते सांगितलं नव्हतं. 'हे करा' एवढंच सांगितलं होतं.

प्रश्न तयार करायला डॉक्टरांनी तिलाच बोलावलं. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, 'आहारविषयक स्वावलंबन'.

"डॉक्टर, रागावू नका. पण हे मावशांना कळायचं नाही."

"मग काय लिहू?"

"स्वतःच्या हाताने जेवतो का? असं लिहा. हो म्हणा, नाही म्हणा. संपलं."

डॉक्टरांनी आपलं वाक्य खोडून तिचं लिहिलं. "झकास. हा प्रश्न तुमचा, सिस्टर. ही पद्धत उद्या दुसऱ्या रुग्णालयांतही जाईल. तिथेही तुमचाच प्रश्न विचारतील."

त्या संध्याकाळी तिने घरी गेल्यावर चप्पल काढायच्या आतच नवऱ्याला हे सांगितलं. नवरा पोस्टातून निवृत्त झालेला. त्याचा सगळा जन्म पत्रं कप्प्यांत लावण्यात गेला होता.

"अरे वा, सिस्टरबाई! म्हणजे तुम्ही आता आमच्या धंद्यात आलात," तो म्हणाला. "सांभाळून बरं का. पत्र लावणं सोपं असतं. ज्याच्यावर दोन पत्ते असतात, तिथे हात अडतो."

"मग काय करायचात तुम्ही?"

"वरचा पत्ता धरायचो. खालचा वाचत बसलो तर गाडी चुकायची."

ती हसली. तेव्हा त्यात हसण्यासारखंच वाटलं.

*

प्रश्न दहा झाले. प्रत्येकाला गुण होते. ज्यांना भरपूर गुण मिळतील त्यांना हिरवं कार्ड, मधल्यांना पिवळं आणि अगदी कमी गुण मिळतील त्यांना लाल. लाल कार्डवाले इथेच राहणार होते. त्यांच्यासाठी जास्त नर्स मिळणार होत्या आणि पाणी प्रत्येकाच्या उशाशी येणार होतं. हिरव्या कार्डाच्या माणसांना मात्र इथे कोंडून ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यांच्यासाठी दुसऱ्या गावात एक निवास बांधला होता. त्याला कुलूप नव्हतं, बाग होती, आणि ज्याची खोली त्याला तिची किल्ली मिळणार होती.

प्रत्येकाला दोघींनी वेगवेगळं तपासायचं, असा नियम होता. पाहुण्यांना आधी सिस्टरने तपासलं.

"स्वतः आंघोळ करता?"

"म्हणजे काय! दुसऱ्याच्या घरी आपला भार कशाला?"

"स्वतःच्या हाताने जेवता?"

"बाई, पाहुण्याला भरवतात का कुठे?" पाहुणे हसून म्हणाले.

तीही हसली आणि तिने 'हो'पुढे खूण केली. हात विचारला होता, आणि ते हातानेच जेवत होते.

दुसऱ्यांदा धाकट्या सिस्टरने तपासलं. तिने नियमाप्रमाणे त्यांना वेगळ्या खोलीत बसवलं, पुढे बशीत बिस्किटं ठेवली आणि कुणीही म्हणतो तशी सहज म्हणाली, "घ्या ना, काका."

"नको, नको."

"अहो, घ्या."

पाहुण्यांनी दोन्ही बिस्किटं खाल्ली. तिनेही 'हो' लिहिलं.

कार्डं वाटली गेली त्या दुपारी सिस्टर टेबलापाशी आली, तर पाहुण्यांच्या खिशाला हिरवं कार्ड लावलेलं होतं आणि घ्यानाच्या सदऱ्याला लाल. मधे पावाची ताटली.

"घ्या ना," घ्याना म्हणाला.

सिस्टर शेजारच्या बाकावर बसली. तिच्या डोळ्यांपुढे तो प्रश्न आला. तिनेच शब्द सुचवला होता. 'हाताने'.

*

"या दोघांना एकत्र ठेवा, डॉक्टर."

"कुठल्या गटात?"

"कुठल्याही. दोघांना इथे ठेवा, नाहीतर दोघांना तिकडे पाठवा."

डॉक्टरांनी दोघांची कार्डं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी तिचं म्हणणं झटकून टाकलं नाही. बराच वेळ ते बघत राहिले.

"घ्याना तिकडे गेला तर त्याला आंघोळ कोण घालणार? तिथे नर्स नाहीत. आणि पाहुण्यांना इथे ठेवायचं म्हणजे, ज्याला सगळं येतं त्याला मरेपर्यंत कुलपात ठेवायचं. हे बरोबर वाटतं तुम्हाला?"

"ते एकटे जेवणार नाहीत."

"तुम्हीच 'हो' लिहिलंय."

"प्रश्न हाताचा होता. मी हाताचं लिहिलं."

"सिस्टर, वर्ग एका माणसाचा असतो. दोघांचा मिळून वर्ग होत नाही."

तिला रागवायचं नव्हतं, पण शब्द निघून गेले. "तो देवमासा. मासा नाही हे कळल्यावर त्याला कुणी पाण्याबाहेर काढून ठेवला का, डॉक्टर?"

डॉक्टरांनी दोन्ही कार्डं उचलली आणि ते म्हणाले, "उद्या आपण पुन्हा बघू. मी स्वतः बसतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांना त्याच वेगळ्या खोलीत बसवलं. पुढे ताट. समोर डॉक्टर, दाराशी सिस्टर. कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं.

पाहुणे हात मांडीवर ठेवून बसले. भाताची वाफ विरत गेली. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, खोलीचं कौतुक केलं. "उजेड छान येतो हो इथे." डॉक्टरांनी मान हलवली. आणखी काही वेळाने पाहुणे म्हणाले, "तुमचं जेवण व्हायचं असेल. मी आपला निघतो." पण उठले नाहीत. भाजीवर साय धरली. त्यांनी एकदा ताटाकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली, जणू दुसऱ्याच्या पत्रावर नजर पडली होती.

डॉक्टर खुर्चीत चुळबुळायला लागले. माणूस भरल्या ताटावर उपाशी बसलेला आणि आपण समोर बसून बघतोय, हे त्यांना सोसेना. त्यांच्याही घरी पाहुण्याला आग्रह करायचंच वळण असणार.

"अहो, घ्या ना!" ते एकदम म्हणाले.

"नको, नको..."

"घ्या हो!"

पाहुणे जेवायला लागले.

दाराशी सिस्टरने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी आधी जीभ चावली, मग ते स्वतःशीच हसले, आणि मग त्यांचं हसू गेलं. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "हे 'हो' नाही. याला 'सांगितल्यावर' म्हणावं लागेल."

त्यांनी एक गुण कमी केला. पण बाकीच्या नऊ प्रश्नांत पाहुण्यांना पैकीच्या पैकी होते. एका गुणाने कार्डाचा रंग बदलत नव्हता.

"बदला ना तुम्ही. तुमच्याच हातात आहे," सिस्टर म्हणाली.

"आज यांच्यासाठी बदललं तर उद्या ज्याच्या त्याच्यासाठी बदलेल. मग पुन्हा माठ दाराजवळच राहील, सिस्टर." त्यांचा आवाज खाली आला. "मी त्यांच्या कार्डावर सूचना लिहितो. तिथली माणसं चांगली आहेत. वाचतील."

त्यांनी पाहुण्यांच्या हिरव्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जेवताना आग्रह करावा.' सिस्टरने त्याखाली रेघ ओढली.

उरलेल्या दिवसांत तिने आणखी एक खटपट केली. रोज दुपारी, वॉर्ड शांत झाला की ती घ्यानाला सदऱ्याचं बटण लावायला शिकवू लागली. त्याचे दोन गुण वाढले, पुढे आणखी वाढले, तर निदान पिवळ्या कार्डापर्यंत येईल; मग पुढचं पुढे. त्याचा हात धरून ती बटण भोकाशी नेई. "हं, आता ढकला. पलीकडून ओढा." एकदा, दोनदा, पुन्हा. लहान मुलांना शिकवताना लागते तेवढीच चिकाटी इथे लागते, हे तिला ठाऊक होतं. फरक एवढाच, की मूल रोज थोडं पुढे जातं. घ्याना एक बटण लावायला शिकला. एकच, वरून दुसरं. धाकट्या सिस्टरने त्याला पुन्हा तपासलं तेव्हा त्याने ते लावून दाखवलं. मग तिने विचारलं, "तुमचं नाव काय?"

"घ्या ना," घ्याना म्हणाला.

धाकटी सिस्टर रडकुंडीला आली. "हे बरोबर धरू का हो, सिस्टर?"

धरता येत नव्हतं.

*

बस सकाळी आली. इतकी वर्षं रोज 'निघतो' म्हणणारे पाहुणे, बस दाराशी उभी राहिली तसे गोंधळले. "असं कसं? न जेवता?" ते म्हणाले. "बरं दिसत नाही ते."

जेवणाला अजून अवकाश होता. सिस्टरने आत जाऊन पाव आणला आणि घ्यानाच्या हातात दिला. त्याला तिने दारापर्यंत चालवत आणलं होतं. त्याने तुकडा मोडला आणि पुढे केला.

"घ्या ना."

"नको, नको. झालं माझं."

"घ्या ना."

"बरं. वाटेत खाईन." पाहुण्यांनी तुकडा खिशात ठेवला आणि घ्यानाच्या खांद्यावर हात ठेवला. "येतो हं. पुष्कळ केलंत तुम्ही माझं."

मावशी पदराने नाक पुसत म्हणाली, "मेल्यांनी रोज जातो जातो म्हणून छळलं. आता जातायत तर बघवत नाही."

त्या दुपारी घ्याना जेवला नाही. त्याने पावाचा तुकडा मोडून समोरच्या रिकाम्या जागी ठेवला आणि वाट बघत बसला. "घ्या ना," तो खुर्चीला म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. मावशीने भरवून बघितलं, त्याने ओठ उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिने समोर बसून तुकडा उचलून पटकन तोंडात टाकला. घ्याना दचकून मागे सरकला आणि त्याने ताटच ढकलून दिलं.

"लगेच खाल्लंस ना," सिस्टर म्हणाली. "ऊठ तू."

कर्मचाऱ्यांनी रुग्णांच्या ताटातलं खायचं नाही, असा तिथला नियम होता. तो धाकट्या नर्सना तीच शिकवत आली होती. ती पाहुण्यांच्या जागी बसली, खुर्चीच्या कडेवर, हात मांडीवर ठेवून.

"घ्या ना."

"नको, नको," सिस्टर म्हणाली. "झालं माझं."

"घ्या ना."

"बरं. अर्धाच."

तिने घास घेतला. घ्यानाचा हात हळूहळू स्वतःच्या ताटाकडे गेला.

*

तिने निवासात फोन केला. तिथला व्यवस्थापक गोड आवाजाचा होता.

"अगदी मजेत आहेत. बागेत फिरतात. आमच्याकडे सगळं मोकळं आहे, सिस्टर. जेवण मोठ्या टेबलावर मांडलेलं असतं, ज्याला जे हवं ते त्याने वाढून घ्यायचं."

"त्यांना घ्या म्हणावं लागतं. कार्डावर लिहिलंय."

"हो, बघितलं आम्ही. पण आग्रह, जबरदस्ती असलं आम्ही इथे काही ठेवलेलं नाही. आयुष्यभर लोकांनी त्यांच्यावर तेच केलं ना? आम्ही विचारतो, जेवलात का? ते म्हणतात, झालं माझं. आम्ही माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवतो."

"अहो, ते तसंच म्हणतात! त्याचा अर्थ जेवले नाहीत असा आहे!"

"मी बघतो," व्यवस्थापक म्हणाला. त्याच्या आवाजावरून तिला कळलं, की त्याला तिचंच काहीतरी बिघडल्यासारखं वाटतंय.

सुटीच्या दिवशी ती स्वतः गेली. नवऱ्याने डबा भरून दिला. "मीही येतो," तो म्हणाला, पण ती एकटीच गेली. निवास खरोखर सुंदर होता. पाहुणे बागेत नव्हते. त्यांना त्याच गावातल्या लहानशा दवाखान्यात ठेवलं होतं. आदल्या दिवशी चक्कर येऊन पडले होते. हाताला सलाइन. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलेलं, पण गळा आणि कॉलर यांच्या मधे आता मूठ मावली असती.

तिने डबा उघडला, भात मऊ कालवला आणि चमचा पुढे केला.

"घ्या ना."

पाहुण्यांनी तिच्याकडे बघितलं. ओळख पटली, की नुसतंच घरातल्या बाईकडे बघून माणूस हसतो तसं हसले, ते सांगता आलं नसतं.

"नको, नको. झालं माझं."

"घ्या हो. थोडंसं."

"नको."

"माझ्यासाठी म्हणून. अर्धाच चमचा. घ्या ना."

पाहुण्यांनी सलाइन नसलेला हात उचलून चमचा हळूच बाजूला केला. अगदी अदबीने, तिच्या हाताला धक्का न लावता.

"खरंच नको," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत 'खरंच' हा शब्द तिने त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. तिने डब्याला झाकण लावलं आणि गाडीची वेळ होईपर्यंत त्यांच्या पायांशी बसून राहिली.

*

पाहुणे गेल्याचं कळवणारा फोन डॉक्टरांना आला. ते स्वतः वॉर्डात येऊन तिला सांगून गेले. मृत्यूचं कारण 'वार्धक्य व इतर' असं लावलं गेलं होतं. थोड्या दिवसांनी त्यांनी पद्धतीत एक अकरावा प्रश्न घातला: 'कोणाबरोबर जेवतो?' सगळ्या रुग्णालयांत तो आता विचारला जातो. त्याला गुण किती द्यायचे, हे मात्र त्यांना किंवा आणखी कुणाला ठरवता आलेलं नाही. त्यामुळे तेवढा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राहतो. लाल कार्डवाल्यांच्या उशाशी मात्र आता पाणी असतं, हेही सांगायला हवं.

फोन आला त्याच दिवशी दुपारी सिस्टर जेवणाच्या वेळी टेबलाशी आली. मावशीने वाढलं. या वेळी तिने थट्टा केली नाही, पातेलं घेऊन मुकाट्याने पुढे गेली.

सिस्टर खुर्चीच्या कडेवर बसली. घ्यानाच्या सदऱ्याची सगळी बटणं उघडी होती, वरून दुसरं तेवढं लावलेलं. त्याने पाव मोडला आणि तुकडा तिच्या ताटात ठेवला.

"घ्या ना."

"नको, नको," ती म्हणाली. "झालं माझं."

"घ्या ना."

घास आत जाण्यासारखा नव्हता. 'खरंच नको' हे शब्द अगदी जिभेवर आले. समोर घ्याना हात मांडीवर ठेवून थांबला होता. त्याच्या ताटातला भात निवत चालला होता.

"बरं," सिस्टर म्हणाली, आणि तिने तुकडा उचलला. "अर्धाच."